उंबरातली परागमाशी आणि तिच्यावरची परोपजीवी: बडोदं ते जांबुघोडा नमुने घेऊन दोघींचं फिरणं मोजता येईल का?

कमाटीबागेतला

मंडळी, प्रश्न थेट मांडतो. उंबराच्या फळात शिरून परागीभवन करणारी सेराटोसोलेन फ्युसिसेप्स, आणि फळाच्या बाहेर बसून लांब अंडनलिका आत खुपसून तिच्या गाठींत अंडी घालणारी अपोक्रिप्टा वेस्टवुडाय. ह्या दोघींची जनुकीय रचना शेजारी शेजारी ठेवून बघायची आहे. लांब कोण पसरतं, यजमान की परोपजीवी?

आराखडा असा: कमाटीबाग, विश्वामित्रीचा काठ, निमेटा, आजवा, पावागडचा पायथा आणि जांबुघोडा अशी सहा ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी एक झाड, त्यावरची पाच-सहा तयार फळं, दोन्ही जातींच्या तीस-तीस माद्या. मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा तुकडा आणि १२ मायक्रोसॅटेलाइट (केंद्रकातल्या डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, ज्यांची लांबी माशीमाशीत बदलते). मग ठिकाणांच्या जोड्यांमधला एफएसटी, म्हणजे जनुकीय फरकाचं माप (शून्य म्हणजे फरक नाही), काढायचा. ज्या जातीचा एफएसटी कमी ती जास्त फिरणारी. अंतरं सध्या हालोलच्या रस्त्याने मोजून लिहिली आहेत.

कुठे अडेल ते सांगा.

नांदरुख

अडेल ते पहिल्याच पायरीवर. अंतर फार कमी आहे.

माशी हालोलच्या रस्त्याने जात नाही. सरळ रेषा आखलीत तर बडोदं–पावागड चाळीसेक किलोमीटर आणि जांबुघोडा साठाच्या आतच. आता दुसरी बाजू बघा. नामिबियात उगाब नदीकाठच्या फायकस सिकोमोरसवर (उंबराचाच जातभाई) झालेलं काम २००९ साली छापून आलं. तिथली झाडं एकमेकांपासून इतकी दूर आणि मोजकी, की रोपांचं पितृत्व तपासून पराग कुठल्या झाडावरून आला ते ठरवता आलं. पराग वाहून आणणारी सेराटोसोलेन अरेबिकस सरासरी ८९ किलोमीटर आली होती, आणि कमाल अंतर १६० च्या आसपास. तुमच्या माशीची ही सख्खी चुलतबहीण. दोन मिलिमीटरचा जीव स्वतःच्या पंखांवर एवढं जात नाही. झाडाच्या शेंड्यावर चढतो आणि वाऱ्याच्या स्वाधीन होतो.

खुद्द उंबराचंच सांगायचं तर आग्नेय आशियाच्या मुख्य भूमीवर सेराटोसोलेन फ्युसिसेप्स ही एकच जात आणि तिचा एकच सलग समूह आहे, असं २०१० च्या कामात दिसलं. शेकडो किलोमीटरमध्ये फरक नाही. मग जांबुघोड्यापर्यंत एफएसटी शून्याला चिकटलेलाच येणार. दोन्ही जातींचा शून्य आला तर तुलना कशाची करणार?

फरक दिसावा असं वाटत असेल तर पट्टा लांबवा. बडोदं–इंदूर सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटर, बडोदं–ग्वाल्हेर साडेसहाशेच्या आसपास. उंबर तिन्हीकडे आहे, आणि तिन्हीकडे आपली माणसंही आहेत.

अपोक्रिप्टा_वे

नांदरुखांचं पटलं. पण "ज्याचा एफएसटी कमी तो जास्त फिरतो" ह्या वाक्यालाच माझी मोठी हरकत आहे. पट्टा कितीही लांबवलात तरी ती चूक तशीच राहील.

एफएसटी दोन गोष्टींचा मिळून ठरतो: समूहाचा प्रभावी आकार (पुढच्या पिढीला जनुकं देणाऱ्यांची हिशोबी संख्या), आणि दर पिढीला येणाऱ्या पाहुण्यांचं प्रमाण. परोपजीवी अन्नसाखळीत एक पायरी वर, म्हणून संख्येने जवळजवळ नेहमीच कमी. समजा दोघींचं स्थलांतराचं प्रमाण अगदी सारखं आहे, पण यजमानाच्या बाबतीत आकार गुणिले स्थलांतर ५० येतं आणि परोपजीवीच्या बाबतीत ५. साधं बेटांचं सूत्र लावा, म्हणजे एक भागिले (चार गुणिले तो गुणाकार अधिक एक). यजमानाचा एफएसटी १/२०१, म्हणजे ०.००५. परोपजीवीचा १/२१, म्हणजे ०.०४८. जवळजवळ दहापट फरक, आणि फिरणं मात्र तंतोतंत सारखं! हा आकडा घेऊन "परोपजीवी कमी फिरते" असं लिहिलंत की परीक्षक तिथेच लाल शेरा मारेल.

उलट निकाल आला तर तो जास्त बोलका असतो. संख्या कमी असूनही परोपजीवीत यजमानापेक्षा कमी फरक दिसला तर ती खरोखर लांब जाते असं म्हणायला आधार मिळतो. ऑस्ट्रेलियात फायकस रुबिजिनोसावर असंच निघालं. २०१६ च्या त्या कामात सायकोस्कॅप्टर ही परोपजीवी आपल्या यजमान परागमाशीपेक्षा लांब पसरणारी आणि जास्त मोठा सलग समूह करणारी दिसली.

किडामुंगी

पण सगळीकडे तसं नाही ना? युरोपातल्या मोठ्या निळ्या फुलपाखरावर आणि त्याच्या निओटायपस नावाच्या खास परोपजीवीवर २००७ साली काम झालं होतं. तिथे यजमानात फरक कमी आणि परोपजीवीत ठळक होता. फिनलंडच्या ओलांड बेटांवर तर एकाच फुलपाखराच्या दोन परोपजीवी दोन टोकांना: कोटेसिया मेलिटीअरम जवळच्या जवळ राहणारी, तुकड्यातुकड्यांत विभागलेली, हायपोसोटर हॉर्टिकोला सगळीकडे पोचणारी. यजमान तोच, बेटंही तीच.

अपोक्रिप्टा_वे

@किडामुंगी, बरोबर, आणि म्हणूनच "परोपजीवी नेहमी मागे" किंवा "नेहमी पुढे" असा नियम करू नये. ओलांडची फुलपाखरं कुरणांच्या तुकड्यांवर राहतात आणि एका तुकड्यावर पिढ्यान्पिढ्या टिकू शकतात. कोटेसियाला जागा सोडायचं कारणच नसतं. उंबराचं उलटं आहे. एका झाडावरची फळं साधारण एकाच वेळी तयार होतात. माद्या बाहेर पडतात तेव्हा त्याच झाडावर शिरण्याजोगं फळ बहुधा नसतं, त्यामुळे परागमाशीला झाड बदलावंच लागतं, तेही एखाद्या दिवसात, कारण तिचं आयुष्यच तेवढं.

अपोक्रिप्टाला परागीभवन होऊन काही दिवस लोटलेलं फळ लागतं, म्हणजे तिलाही दुसरं झाड शोधायचंच असतं. पण ती जास्त दिवस जगते, साखरपाणी पिते, थांबू शकते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ह्याच उंबराच्या माश्यांना बांधून उडवण्याचे प्रयोग झाले आहेत. अल्पायुषी आणि सगळी अंडी तयार घेऊनच निघणाऱ्या जातींची उडण्याची ताकद जास्त, सावकाश जगणाऱ्या परोपजीवींची कमी, असा त्यांचा कल. पण बांधून उडवलेली माशी पंखांचं बळ दाखवते. वारा तिला कुठे नेईल ते त्यातून कळत नाही. आठ दिवस जगणारा कीटक रोज थोडं थोडं सरकूनही लांब पोचतो.

हे सगळं मोजायच्या आधी ओळख पक्की करा. बेंगळुरूच्या उंबरावर परागमाशीखेरीज सहा जाती नोंदल्या आहेत: तीन स्वतः गाठी करणाऱ्या, तीन परोपजीवी. अपोक्रिप्टाच्या एकाहून जास्त जाती एकाच फळातून निघतात. अंडनलिकेची लांबी पोटाच्या तुलनेत मोजा, उदराचे खंड बघा, आणि प्रत्येक ठिकाणच्या चार-पाच माद्यांचा सीओआय आधी वाचून घ्या. दोन लपलेल्या जाती एका नावाखाली मोजल्या गेल्या तर विषमयुग्मकता (एकाच जागी जनुकाचे दोन वेगळे प्रकार असणाऱ्यांचं प्रमाण) घटलेली दिसते आणि माणूस भलत्याच कारणाच्या मागे लागतो.

दांडियाबाजारकर

नमुने घेण्याबद्दल. "एक झाड, पाच-सहा फळं, तीस माद्या" हे तर अजिबात चालायचं नाही. एका फळातून शेकड्यांनी माश्या निघतात आणि त्या बहुतांशी सख्ख्या बहिणी. सहा फळांतून तीस माद्या घेतल्या म्हणजे सहा कुटुंबं घेतली. ठिकाणाठिकाणांत दिसेल तो फरक कुटुंबांचा असेल.

परागमाशीसाठी एका फळातून एकच मादी घ्या. तीस माद्या हव्यात तर तीस फळं, शक्यतो तीन-चार झाडांवरची.

फळ कधी तोडायचं ते महत्त्वाचं. गालिल आणि आयसिकोविच ह्यांनी १९६८ मध्ये फळाच्या पाच अवस्था मांडल्या, त्यातली चौथी, म्हणजे नर-अवस्था हवी. फळ किंचित मऊ पडलेलं, हिरवा रंग उतरायला लागलेला, पण लाल झालेलं नाही. लाल आणि भोक पडलेलं फळ म्हणजे पाखरं उडाली. नमुन्यादाखल दोन फळं कापून बघा: आत बिनपंखी नर फिरत असतील आणि पुंकेसर पिकले असतील तर त्याच फांदीवरची बाकीची घ्या. खोडावर खालीच लगडलेली असतात, शिडीची गरज क्वचित.

देठाचा चीक टिपकागदाने टिपा किंवा देठ राखेत बुडवा, नाहीतर निम्म्या माश्या चिकाला चिकटून मरतात. एका फळाला एक भांडं. दोनशे मिलीचा प्लास्टिकचा ग्लास, तळाला टिश्यू, वर मलमल आणि रबर. दोन फळं एका ग्लासात टाकली की कोण कुठल्या फळातली ते कायमचं गेलं. झिपलॉक पिशवी नको, आत पाणी सुटतं आणि पंख चिकटतात. सावलीत ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तासभर राहिलं की सगळं मेलं समजा. बारा ते चोवीस तासांत बाहेर येतात.

अजून एक. शहरातले निम्मे उंबर दत्ताच्या देवळापाशी किंवा कुणाच्या तरी वाड्यात आहेत. पुजारीबुवांना आधी विचारा, झाडाखाली चाकू काढू नका, गुरुवारी जाऊ नका. जांबुघोडा अभयारण्य आहे, तिथे वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक फळसुद्धा तोडायचं नाही.

अपोक्रिप्टा_वे

@दांडियाबाजारकर, एक भर. "एका फळातून एक" हा नियम परागमाशीला पुरतो, अपोक्रिप्टाला पुरत नाही. परागमाशी एकदा फळात शिरली की सहसा तिथेच मरते, तिची सगळी पिलं एका फळात. अपोक्रिप्टा बाहेर बसून अंडी घालते आणि एकाच झाडाच्या अनेक फळांवर फिरते. तेव्हा वेगवेगळ्या फळांतल्या माद्यासुद्धा बहिणी असू शकतात. तिच्यासाठी झाडं वाढवा, प्रत्येक झाडावर एकमेकांपासून लांबच्या फांद्या निवडा, आणि नंतर कॉलनी ह्या प्रोग्रॅममध्ये एकल-द्विगुणित (नरात गुणसूत्रांचा एक संच, मादीत दोन) पर्याय लावून सख्ख्या बहिणी शोधा. प्रत्येक कुटुंबातली एक ठेवून हिशोब पुन्हा करा. आधीचे आणि नंतरचे दोन्ही निकाल छापा.

मुंग्यांचा पहारा असलेल्या झाडांवर परोपजीवी कमीच मिळतील. नमुना भरत नाही म्हणून जात तिथे नाही असं लिहू नका.

कमाटीबागेतला

सगळ्यांचे आभार. पट्टा लांबवतो, झाडं वाढवतो. आता टिकवण्याचं सांगा. शुद्ध इथेनॉल इथे सहज मिळत नाही.

सुतारपक्षी

गुजरातेत हा प्रश्न सगळ्यांनाच. शुद्ध इथेनॉल बाळगायला नशाबंदी खात्याचा परवाना लागतो. विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या विभागाकडे तो बहुधा असतो, त्यांच्या नावावर आणि त्यांच्या नोंदवहीतूनच घ्या. बाटली गाडीत टाकून पावागडला जाताना परवान्याची प्रत सोबत हवी. दुकानातलं डिनेचर्ड स्पिरिट घेऊ नका, त्यातली भेसळ डीएनए खराब करते. सत्तर टक्क्यांचं सॅनिटायझर तर नकोच, त्यातल्या पाण्यात डीएनए तुटत राहतो.

इथेनॉल मिळालं तर ९५ टक्के किंवा त्याहून वरचं. पहिल्या चोवीस तासांनी एकदा बदला, कारण माशीच्या अंगातलं पाणी उतरून ते पातळ होतं. मग उणे २० अंशांत.

नाही मिळालं तर दोन मार्ग. एक, जिवंत माशी थेट उणे २० मध्ये, पण मग बडोद्यापर्यंत बर्फाची साखळी तुटता कामा नये. दोन, डीएमएसओ-मीठ द्रावण: २० टक्के डीएमएसओ, ०.२५ मोलर ईडीटीए (सामू ८), आणि विरघळेनासं होईपर्यंत मीठ. खोलीच्या तपमानाला टिकतं आणि परवान्याची भानगड नाही. तोटा एवढाच की माशी मऊ पडते आणि ओळख पटवायला त्रास होतो, म्हणून प्रत्येक फळातल्या दोन-तीन माश्या कोरड्या टाचून ठेवा.

आता डीएनए काढणं. दोन मिलिमीटरची माशी वाटून टाकू नका, सांगाडा ओळखीसाठी लागतो. उदराला सुईने बारीक टोचा, इथेनॉल पूर्ण उडू द्या. ५ टक्के चेलेक्स (धातूचे अंश धरून ठेवणारे राळेचे मणी) १०० मायक्रोलिटर, २० मिलिग्रॅम प्रति मिलीचं प्रोटिनेज के ५ मायक्रोलिटर, ५६ अंशांवर रात्रभर. सकाळी माशी उचलून परत इथेनॉलात, आणि नळी ९५ अंशांवर दहा मिनिटं. फिरवा, वरचं ६० मायक्रोलिटर पाणी नव्या नळीत घ्या.

ह्यात दोन ठिकाणी हमखास बिघडतं. चेलेक्सचे मणी तळाला बसतात, म्हणून भरताना बाटली सतत ढवळत ठेवा आणि टोक कापलेली रुंद टिप वापरा, नाहीतर पहिल्या नळीत पाणी आणि शेवटच्या नळीत चिखल. दुसरं, वरचं पाणी घेताना एक मणी जरी आला तरी तो पीसीआरमधलं (डीएनएच्या प्रती काढण्याच्या प्रक्रियेतलं) मॅग्नेशियम धरून बसतो आणि जेलवर पट्टा येत नाही. लोक मग प्रायमरला शिव्या घालतात.

हा डीएनए सीओआय आणि मायक्रोसॅटेलाइटला पुरतो. रॅड-सिक्वेन्सिंगला (एन्झाइमने कापलेल्या तुकड्यांचं वाचन) नाही. उकळून एकपदरी झालेला डीएनए कातरी-एन्झाइम कापत नाही. तिकडे जायचं असेल तर कॉलम किट आणि ३० मायक्रोलिटरमध्ये उतारा, आणि माशीमागे जेमतेम काही नॅनोग्रॅम मिळतील ही तयारी.

माळव्याची_माती

इंदुराकडून हजेरी. इथेनॉलच्या त्रासाबद्दल सहानुभूती, आमच्याकडे परवान्याची कागदं निराळी पण तुमच्याइतका ताप नाही. इंदूरचे उंबर बहुतेक नाल्याकाठी आणि जुन्या विहिरींपाशी. पीक वर्षभर असतं, पण एका वेळी तयार झाड मिळेलच असं नाही. दहा झाडं हेरून ठेवा आणि दर आठवड्याला फेरी मारा, तेव्हा कुठे एक-दोन हाती लागतात. तीन शहरांचे नमुने एकाच ऋतूत हवेत, नाहीतर अंतराचा फरक आणि ऋतूचा फरक एकमेकांत कालवला जाईल.

सीओआयबद्दल कुणी व्होल्बाकियाचं नाव कसं काढलं नाही?

नांदरुख

@माळव्याची_माती, काढणारच होतो.

व्होल्बाकिया हा जिवाणू आईकडून अंड्यातून जातो, मायटोकॉन्ड्रिया पण आईकडूनच. एखादा जिवाणू समूहात पसरला की ज्या मादीत तो सुरू झाला तिचाच मायटोकॉन्ड्रिया सगळ्यांकडे येतो. सीओआयमध्ये विविधता उरत नाही आणि तुम्ही लिहिता "समूह नुकताच लहान होऊन वाढला". केंद्रकातल्या मायक्रोसॅटेलाइटमध्ये मात्र सगळं जागच्या जागी. पनामा आणि ऑस्ट्रेलियातल्या पाहण्यांत उंबर-वडाच्या माश्यांच्या निम्म्याहून जास्त जातींत व्होल्बाकिया सापडला आहे. तेव्हा व्होल्बाकियाच्या डब्ल्यूएसपी जनुकाचा पीसीआर प्रत्येक ठिकाणच्या नमुन्यावर करा. खर्च एका प्लेटचा.

सीओआय वाचल्यावर प्रथिनात भाषांतर करून बघा. मध्येच थांबा-संकेत आला तर तो केंद्रकात जाऊन बसलेला खोटा तुकडा. अपोक्रिप्टाच्या बाबतीत दुहेरी शिखरं आली तर तिच्या पोटात यजमानाचा डीएनए उरला असण्याची शक्यताही धरा. सार्वत्रिक प्रायमर दोघांनाही धरतात.

आता अंतःप्रजनन. ह्या माश्यांचे नर एकगुणित, निषेचन न झालेल्या अंड्यातून आलेले. फळाच्या आतच भाऊबहिणींचं मीलन होतं. फळात किती माद्या शिरल्या ह्यावर अंतःप्रजनन गुणांक ठरतो: १ भागिले (४ गुणिले माद्या, वजा ३). एकच मादी असेल तर १, दोन असतील तर ०.२, पाच असतील तर ०.०६. म्हणजे विषमयुग्मकतेची तूट येणं हे इथे नॉर्मल आहे. मायक्रो-चेकर हा प्रोग्रॅम हे बघून प्रत्येक लोकसवर (मायक्रोसॅटेलाइटच्या जागेवर) "नल अलील", म्हणजे पीसीआरमध्ये न उमटणारा जनुक-प्रकार, म्हणून ओरडेल. त्याचं ऐकून लोकस टाकू नका. अंतःप्रजननाने तूट सगळ्या लोकसांवर साधारण सारखी येते, नल अलीलमुळे एखाद-दुसऱ्यावरच. आणि आपल्याकडे तपासायचं आयतं साधन आहे: नर. नर एकगुणित, त्यामुळे नल अलील असलेला नर त्या लोकसवर कोराच येतो. प्रत्येक ठिकाणचे दहा नर चालवा. ज्या लोकसवर बरेच नर कोरे आणि बाकी लोकस ठीक, तो टाका. नरात दोन अलील दिसले तर भेसळ आहे किंवा तो लोकस जनुकसंचात दोन जागी आहे.

शिरलेल्या माद्या मोजायला तयार फळ उपयोगाचं नाही, तोवर त्यांची प्रेतं चुरगळून गेलेली असतात. परागीभवनानंतर आठवड्याच्या आतली फळं वेगळी तोडा, उभी कापा, भिंगाखाली डोकी मोजा. पंख मोजू नका, ते तोंडाच्या छिद्रातच तुटून राहतात.

किडामुंगी

प्रभावी आकार काढताना द्विगुणिताचं सूत्र वापरलं तर काय बिघडतं?

नांदरुख

नर-मादी समसमान असतील तर बिघडतं, मादीप्रधान असतील तर फारसं नाही. एकल-द्विगुणित सूत्र: ९ गुणिले नर गुणिले मादी, भागिले (४ गुणिले नर अधिक २ गुणिले मादी). पन्नास-पन्नास घातले तर ७५ येतात, द्विगुणिताच्या सूत्राने १००. दहा नर नव्वद माद्या घातल्या तर ३६.८, आणि द्विगुणिताच्या सूत्राने ३६. ह्या माश्या मादीप्रधान असतात, हॅमिल्टन ह्यांनी १९६७ मध्ये त्याचं कारण मांडलंच आहे. तेव्हा तिथे डोकं लावू नका, ते बहिणींच्या हिशोबात लावा. नात्यातल्या माश्या नमुन्यात राहिल्या तर त्याने होणारी चूक ह्यापेक्षा कितीतरी मोठी.

कमाटीबागेतला

अपोक्रिप्टाताईंचा मुद्दा परत. मग एफएसटीची तुलना सोडायची का? दोघींचं प्रत्यक्ष फिरणं वेगळं कसं काढणार?

अपोक्रिप्टा_वे

सोडू नका, एकटी वापरू नका. तीन गोष्टी बरोबर ठेवा.

एफएसटी भागिले (१ वजा एफएसटी) हे सरळ अंतराच्या लॉगरिथमशी मांडा. उंची समूहाच्या आकारामुळे बदलते, पण चढच नाही आणि उंची आहे, तर अंतराने फरक पडत नाही एवढं तरी म्हणता येतं. ह्यासाठी तीन शहरं पुरणार नाहीत. बडोदं ते ग्वाल्हेर दरम्यान आठ-दहा ठिकाणं हवीत, कमी अंतराच्या आणि लांब अंतराच्या दोन्ही जोड्या. तुमचा जांबुघोड्याचा पट्टा इथे कामी येतो, कमी अंतराच्या जोड्या म्हणून.

दुसरं, प्रत्येक जातीचा प्रभावी आकार स्वतंत्रपणे काढा. सहा महिन्यांनी त्याच झाडांवर परत जा आणि अलीलांची वारंवारता किती सरकली ते बघा. तो आकार हातात असला की एफएसटीतून स्थलांतराचं प्रमाण थोडं तरी सुटं करता येतं. मोठ्या समूहात ही पद्धत "अनंत" असं उत्तर देते. परागमाशीचं तसं आलं तर घाबरू नका, खालची मर्यादा छापा.

तिसरं, आणि मला सर्वांत आवडणारं: बहिणी शोधा, पण झाडांच्या पलीकडे. अपोक्रिप्टाच्या सख्ख्या बहिणी दोन वेगळ्या झाडांवर सापडल्या तर त्यांची आई त्या दोन झाडांवर गेली होती, हा त्याच पिढीतला थेट पुरावा. परागमाशीत हे दिसणार नाही, कारण आई एका फळात अडकते. तिथे सावत्र बहिणी आणि मावश्यांपर्यंतच हात पोचतो. त्यासाठी १२ मायक्रोसॅटेलाइट कमी पडतील. वीसेक तरी घ्या, किंवा सरळ जनुकसंचाकडे वळा. सेराटोसोलेन सोल्म्सीचा जनुकसंच २०१३ पासून उपलब्ध आहे, परागमाशीचं वाचन त्यावर बसवता येईल. अपोक्रिप्टासाठी तो फार दूरचा, तिथे संदर्भाविना काम करावं लागेल आणि दोन जातींचे आकडे दोन वेगळ्या पद्धतींचे होतील. म्हणून मी मायक्रोसॅटेलाइटच सुचवेन, दोघींना सारख्याच संख्येचे.

दांडियाबाजारकर

चिकट सापळे लावायचा मोह झाला तर: उंची बदलून लावा. पारदर्शक प्लास्टिकच्या नळकांड्यावर चिकट लेप, जमिनीपासून दोन मीटर, झाडाच्या शेंड्याएवढं आणि त्याहून वर, इमारतीच्या गच्चीवरून. वरच्या सापळ्यात परागमाशी आणि खालच्यात परोपजीवी जास्त, असं निघालं तर वाऱ्याची गोष्ट पक्की होते. पण सापळ्यातली माशी उन्हात दोन दिवस राहिली की डीएनए गेला. रोज संध्याकाळी काढा, हेक्सेनमध्ये लेप सोडवा, लगेच इथेनॉलात. मे महिन्यात लावू नका. तापमान चढलं की परागमाशीचं आयुष्य झपाट्याने घटतं, बडोद्याच्या चाळीस अंशांत ती काही तासांचीच सोबती. फेब्रुवारी किंवा पाऊस ओसरल्यावर.

सुतारपक्षी

जाता जाता. नळ्यांवर मार्करने लिहू नका, इथेनॉलचा एक थेंब सांडला की झाड क्रमांक सात आणि एक सारखेच दिसतात. जाड कागदाची चिठ्ठी, शिसपेन्सिल, चिठ्ठी नळीच्या आत. फळ, झाड, तारीख आणि सरळ रेषेच्या अंतरासाठी जीपीएसचे आकडे. डीएमएसओत कागद मऊ होतो, तिथे ट्रेसिंग पेपर वापरा. आणि नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवणार असाल तर जैवविविधता प्राधिकरणाचा अर्ज आत्ताच भरा, नमुने गोळा झाल्यावर नाही.

कमाटीबागेतला

पुढचा आराखडा असा धरतो: बडोदं–जांबुघोडा चार ठिकाणं, मध्ये दाहोद आणि झाबुआ, मग इंदूर, उज्जैन, गुना, ग्वाल्हेर. प्रत्येक ठिकाणी किमान चार झाडं. परागमाशी तीस फळांतून तीस, अपोक्रिप्टा चाळीस घेऊन बहिणी गाळायच्या, दोघींचे दहा-दहा नर. वीस मायक्रोसॅटेलाइट, सीओआय, डब्ल्यूएसपी. पहिली फेरी फेब्रुवारीत, दुसरी ऑगस्टमध्ये. झाबुआ आणि गुनाकडचे उंबर कुणाला माहीत असतील तर व्यनि करा.

माळव्याची_माती

ऑगस्टची फेरी बदला. माळव्यात तेव्हा काळी माती पाय सोडत नाही, आणि पावसात फळं किडण्याआधी बुरशीने जातात. ऑक्टोबर धरा. दोन फेऱ्यांत परागमाशीच्या चार-पाच पिढ्या तरी होतात, तुमच्या हिशोबाला तेवढ्या पुरे. उज्जैनला क्षिप्रेच्या काठाने शोधा, शहरात वेळ घालवू नका.